फुंकर आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे समजायचे नसते. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात; तेथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते, एवढाच फरक. आपण कला शाखेचे विद्यार्थी हा न्याय तर्कशास्त्रात पाठ करतो, परीक्षेत त्यावर चार गुण मिळवतो आणि घरी येऊन विसरतो. मीही विसरलो होतो. त्याची आठवण मला करून दिली ती एका जुन्या व्हिडिओ गेमने.

मागच्या दिवाळीत कळंब तालुक्यातल्या आमच्या घरचा माळा आवरताना काकांचा टीव्ही गेम सापडला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला १९९०च्या दशकात आपल्याकडच्या बाजारांत सर्रास मिळत. वरून कॅसेट खोचायची, दोन वायरी दोघांच्या हातात घ्यायच्या आणि खेळायचे. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. आत तेच मोजके खेळ फिरून फिरून येत. काकांनी उत्साहाने खोके टीव्हीला जोडले. पडद्यावर नुसत्या राखाडी पट्ट्या! काकांनी कॅसेट उपसली, तोंडाशी धरून एक दणदणीत फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. मारिओ धावू लागला.

“बघितलंस का पोरा? तीस वर्षांपूर्वीचा इलाज आहे, अजून लागू पडतो!” काका म्हणाले.

“काका, तुम्ही फुंकर मारलीत म्हणून चालला, की कॅसेट काढून परत बसवलीत म्हणून चालला?” मी विचारले.

काका माझ्याकडे पाहतच राहिले. हा प्रश्न तीस वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता. मग आम्ही दोघांनी करून पाहिले. कधी फुंकर मारून कॅसेट बसवली, कधी न मारता. फरक काही दिसेना. काढून घालणे हेच खरे औषध होते. फुंकर हा नुसता बसलेला कावळा.

याचे कारण साधे आहे. कॅसेटच्या तळाशी धातूच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. यंत्रातल्या तितक्याच चिमट्यांनी त्या पट्ट्या पकडल्या तर वीज इकडून तिकडे जाते. हवेने आणि धुळीने पट्ट्यांवर पुट चढते, चिमटे सैल होतात आणि मध्येच एखादा धागा तुटतो. कॅसेट काढून घातली की पट्ट्या चिमट्यांवर घासतात, पुट खरवडले जाते, गाठ पुन्हा जुळते. फुंकरीतून मात्र तोंडाची वाफ आणि थुंकीचे तुषार आत जातात. आज चालते, पण ओल राहते आणि काही महिन्यांनी धातूला गंज धरतो. म्हणजे ज्याला आपण औषध समजलो तोच पुढच्या आजाराचे बी पेरत होता. खुद्द निन्टेंडोनेही कॅसेटमध्ये फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात, अशी सूचना दिली होती. ती इंग्रजीत होती आणि आमच्या नकली खोक्याबरोबर काकांना ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. योग्य उपाय म्हणजे काडीला कापूस गुंडाळून तो शुद्ध स्पिरिटात जरासा भिजवावा, पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्या, पुरत्या सुकू द्याव्या आणि मगच कॅसेट बसवावी.

ही केवळ आपल्या खेड्यापाड्यांची खोड आहे असे मात्र कोणी समजू नये. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम २००५ साली बाजारात आला आणि लवकरच घरोघर बंद पडू लागला. पुढच्या बाजूला तीन लाल दिवे लागत आणि यंत्र निपचित होई. २००७ साली कंपनीला या बिघाडासाठी तीन वर्षांची हमी द्यावी लागली आणि शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. कारण काय? यंत्र चालू झाले की तापे, बंद केले की थंड होई. या सततच्या फुगण्या-आकसण्याने चित्र उमटवणाऱ्या चिपमधले सूक्ष्म जोड तडकत. त्या वेळी अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या तरुणांनी कोणता इलाज शोधला असेल? त्यांनी यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवले! तापल्यावर तडकलेले जोड काही काळ टेकत, यंत्र चार दिवस चाले आणि मग आधीपेक्षा जास्त बिघडे. काकांची फुंकर आणि त्यांचा टॉवेल यांत मला तरी काही भेद दिसत नाही. कारण न शोधता केलेला उपाय हा इंग्रजीत केला तरी अंगाराच!

मग आपल्या धाराशिव जिल्ह्यात ही यंत्रे खरोखर मरतात कशाने? माझ्या मते त्यांचे शत्रू चार: वीज, उष्मा, धूळ आणि आपला हात.

वीज पहिली. २००५नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र दिवसाचे कित्येक तास विजेविना राही. ते दिवस आपल्या घरच्यांच्या लक्षात आहेत. आजही वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, आणि शिवारातल्या मोटारी एकदम चालू-बंद झाल्या की दाब खालीवर होतो. यंत्राला जाणाऱ्या लाइटपेक्षा परत येणारी लाइट घातक असते, कारण येताना पहिला झटका तीच देते. म्हणून लाइट गेली की पिन काढून ठेवावी आणि आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून मग लावावी. विजा कडकडत असतील तर केबलची वायरही काढावी. घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. त्याशिवाय स्पाइक गार्ड हा बहुतांशी नावाचाच राखणदार.

जुन्या खोक्यांच्या बाबतीत ॲडॉप्टर हा आणखी एक घातक प्रकार. पिन छिद्रात बसली म्हणजे ॲडॉप्टर जुळला असे नव्हे. फॅमिकॉमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, तर आज बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॉप्टर नेमके याच्या उलट. चुकीचा लावला तर आतले भाग जळू शकतात. ॲडॉप्टरच्या पाठीवरचे छोटे चित्र वाचायला अर्धे मिनिट लागते. आपण ते वाचत नाही.

दुसरा शत्रू उष्मा. जुन्या खोक्यांत बहुधा ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग असतो. तो ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. उरलेले ४ व्होल्ट कोठे जातात? त्यांची उष्णता होते. अर्धा अँपिअर प्रवाह धरला तर ही उष्णता २ वॅट. आजच्या यंत्रांत ती कितीतरी पट अधिक. प्लेस्टेशन ४च्या माहितीपुस्तिकेत ५ ते ३५ अंश तापमानात यंत्र वापरावे असे म्हटले आहे. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो! म्हणून यंत्राच्या चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी आणि भर दुपारचा खेळ संध्याकाळवर ढकलायला हवा.

तिसरी धूळ. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर घरात येणारी काळ्या मातीची धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि जाळ्यांत बसते. वारा कोंडला की उष्मा वाढतो. दर दोन-तीन महिन्यांनी यंत्र बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशाने झरोके साफ करावेत.

चौथा आपला हात. रिमोटची वायर तुटते ती बहुधा मुळाशी, कारण आपण वायर धरून ओढतो. हरलो की रिमोट आपटतो आणि मग बटण दबत नाही म्हणून कंपनीला शिव्या देतो.

बिघाड शोधण्याचीही एक रीत आहे: बाहेरून आत यावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी बोर्डात दुसरे काही चालते का ते पाहावे. मग ॲडॉप्टर, मग वायर, मग टीव्हीचा इनपुट, मग कॅसेट किंवा डिस्क आणि शेवटी यंत्र. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालले तर कशाने चालले हे कधीच कळत नाही. मात्र २३० व्होल्ट ज्या डबीत जातात ती डबी घरी उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर काही काळ जीवघेणा भार धरून ठेवतात. ते काम जाणकाराचे.

हे सारे मी का सांगतो आहे? आमच्या वर्गातल्या एका मित्राने दोन उन्हाळी सुट्ट्यांत लग्नांच्या पंगती वाढून पैसे साठवले आणि जुना कन्सोल घेतला. त्याच्या आईने कौतुकाने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि तो शोकेसमध्ये काचेआड ठेवला. मे महिन्यात तो बंद पडला. एका दुकानात सांगण्यात आले, “बोर्ड गेला, नवा घ्या.” पोराचा चेहरा मी पाहिला आहे. पुढे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने तो उघडला, मूठभर धूळ काढली, चिपवरचा वाळलेला लेप बदलला आणि यंत्र चालू झाले. म्हणाला, “काही गेलं नव्हतं. दम कोंडला होता.” प्रेमाने घातलेल्या रुमालाने दम कोंडावा, यात त्या माउलीचा दोष नाही, तिला कोणी सांगितलेच नव्हते.

कोणी म्हणेल, खेळणेच ते, मोडले तर मोडू दे, पोरे अभ्यासाला तरी लागतील! पण हेच चार शत्रू फ्रीज, मोटारीचा स्टार्टर आणि ज्या मोबाइलवर आपण शिकतो तो मोबाइल यांनाही मारतात. खेळाचे खोके हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी गुरू. त्यावर शिकता येते आणि चुकले तर कोणाचे पीक वाळत नाही.

दुसरे कोणी म्हणेल, हे विज्ञान शाखेचे काम, तुम्ही कविता लिहा. येथेच माझा खरा मतभेद आहे. “कार्बन आलाय”, “सोल्डर सुटलंय”, “शॉर्ट मारतंय” ही त्या कारागिराची भाषा. तिच्यात चाळीस वर्षांचे निरीक्षण साठले आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही. त्याचा मुलगा या धंद्यात येणार नाही; दुकान मिटेल त्या दिवशी हे ज्ञानही मिटेल. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ते चांगलेच झाले. पण हक्क वापरायला आधी समज हवी आणि समज आपल्या भाषेत हवी. ऐकणे, नेमके विचारणे आणि नीट मराठीत उतरवून ठेवणे हे काम कला शाखेचे नव्हे तर कोणाचे?

म्हणून माझी सूचना अशी: आपल्या वार्षिकात दरवर्षी दोन पाने अशा कारागिरांसाठी राखावीत. एक बिघाड, त्याचे कारण आणि तो टाळण्याचा उपाय, त्याच्याच शब्दांत. सुरुवात मी केली आहे. त्या म्हाताऱ्या कारागिराकडे दर रविवारी वही घेऊन बसतो.

काकांचा गेम आता टीव्हीजवळ उघड्यावर असतो. परवा तो पुन्हा अडला. सवयीने काकांनी कॅसेट तोंडाशी नेली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पोरा, ती कापसाची काडी दे बघू.”