ओसाड कोण?

ॲरिझोनात, फीनिक्सच्या टेंपी या उपनगरात बहिणीकडे राहिले असता रोज पहाटे तेथील टाऊन लेकच्या काठाने फिरण्याचा परिपाठ पडला होता. काठाने गुळगुळीत रस्ता, वल्ही मारणारी मुले, पाण्यात उंच इमारतींची प्रतिबिंबे. उत्तरेला वळून थोडे चालले की पापागो पार्कचे तांबडे खडक आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या मातीच्या पायवाटा. अमेरिकावारी करून आलेले आपले प्रवासवर्णनकार अशा जागी हमखास लिहितात की ओसाड वाळवंटात माणसाने नंदनवन फुलवले. हे वाक्य शिळे तर आहेच, शिवाय ते खोटेही आहे.

हे तळे म्हणजे सॉल्ट नदीचे पात्र. वरच्या अंगाला धरणे झाली (त्यातले रूझवेल्ट धरण १९११ सालचे), पाणी कालव्यांत वळवले गेले आणि पूर सोडल्यास पात्र कोरडे पडले. त्याच पात्रात रबरी बंधारे घालून १९९९ साली दूरवरून कालव्याने आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी भरले. २० जुलै २०१० च्या रात्री बंधाऱ्याचा एक भाग फुटला आणि सकाळपर्यंत नंदनवनाचा चिखल झाला. २०१६ साली पोलादी दरवाजे आले. पण उन्हाने उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई करणे काही चुकले नाही. खुद्द कोलोरॅडोच्या खोऱ्यात २०२१ साली पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्याला कात्री लागली. आधी नदी आटवायची आणि मग तिच्याच पात्रात दुसरीचे पाणी ओतायचे, याला फुलवणे म्हणायचे काय?

आता पायवाटेकडे वळू. पालो वर्दे हे झाड अवर्षणात पाने गाळते आणि हिरव्या सालीवर आपले अन्न तयार करते. सवारो निवडुंगाला पहिला हात फुटायला बहुधा पन्नासहून अधिक वर्षे लागतात. तोहोनो ओओधाम लोकांचे नवे वर्ष त्याच्या फळांच्या हंगामापासून सुरू होते. हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरा, असे पावसाचे दोन हंगाम या सोनोरन वाळवंटाला आहेत. मिळेल तेवढ्या पाण्यात निभावणाऱ्या या भूमीला आपण ओसाड म्हणतो आणि उसन्या पाण्यावर जगणाऱ्या तळ्याला समृद्ध!

तळ्यावर पक्षी येतात, म्हातारी माणसे फिरतात, हे मला मान्य आहे. मीही तिथे आनंदाने फिरले. माझा आक्षेप शब्दाला आहे, कारण एखादी जागा ओसाड ठरली की तिथे काहीही करण्याची मुभा आपोआप मिळते.

आणि ही चूक मराठी लेखकाने तरी करू नये. मराठीत ‘वाळवंट’ म्हणजे नुसते मरुस्थल नव्हे. चंद्रभागेचे वाळवंटही आपलेच. तिथे दिंड्या उतरतात, कीर्तने रंगतात, लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. नदीकाठच्या रिकाम्या वाळूला जगण्याची जागा मानणारी भाषा आपल्याला वारशाने मिळाली आहे. त्या भाषेत लिहिणाऱ्यांनी परमुलखातले वाळवंट पाहताना ती विसरावी, याचा खेद वाटतो. नंदनवने वर्णायला हरकत नाही. पण त्यांचे पाणी कुठून येते, एवढे विचारून मग लेखणी उचलावी.