घामाचे दाम आणि रक्ताचा दाब



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय निघतो, वीजबिलाचा निघतो, पीकविम्याचा निघतो. रक्तदाबाचा निघत नाही. बीपी हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा, पंख्याखालच्या माणसांचा रोग. उन्हात रापलेल्या काटक माणसाला कसला आलाय बीपी, अशी आपली पक्की समजूत. ही समजूत खोटी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर घरोघर जाऊन दाब मोजले गेले. पंधरा वर्षांवरच्या बायांमध्ये शंभरात २१ आणि पुरुषांमध्ये शंभरात २४ जणांचा दाब वाढलेला होता, किंवा तो काबूत ठेवायला ते गोळी घेत होते. शहरात थोडे जास्त, खेड्यात थोडे कमी, फरक एवढाच. शंभर माणसांच्या आपल्या बैठकीत वीस-बावीस जण या हिशेबात बसतात, आणि त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो.

पत्ता का नसतो, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायला नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली शिवारे खाल्ली. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे. फोडून पाहिले तेव्हा आत सरकी पोखरलेली. वाढलेला रक्तदाब असाच असतो. बहुतेकांचे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मरत नाही. माणूस डवरणी करतो, गाडी भरतो, लग्नात जेवतो. आत मात्र वर्षानुवर्षे जास्त दाबाने वाहणारे रक्त नळ्यांच्या भिंती कडक करत असते, हृदयावर ओझे टाकत असते, किडनीची चाळणी निकामी करत असते. मग एक दिवस तोंड वाकडे होते, हातपाय लुळा पडतो. गावात म्हणतात, अचानक लकवा मारला. लकवा अचानक दिसला. त्याची पेरणी दहा वर्षांपूर्वी झाली होती.

म्हणून पहिली गोष्ट मोजणे. गुलाबी अळीसाठी कामगंध सापळे लावायचे आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे आपण शिकलो. एका पतंगावरून कोणी पंप पाठीला लावत नाही. रक्तदाबाचेही तसेच. वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते तेव्हाचा, खालचा आकडा दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडते तेव्हाचा. १२० वर ८० च्या खाली असेल तर उत्तम. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला, तर दाब वाढलेला आहे असे धरायचे. दोनपैकी एकच आकडा हद्दीबाहेर गेला तरी तो वाढलेलाच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर ठेवावा. सायकल दामटत आलेल्या माणसाचा दाब दारातच मोजून त्याला रोगी ठरवणे चूक, आणि एकदा बरोबर आला म्हणून पाच वर्षे यंत्राचे तोंड न पाहणे त्याहून मोठी चूक.

दुसरी गोष्ट, गोळीवाचून काय करता येते. पुष्कळ करता येते, आणि त्यातले बरेचसे स्वयंपाकघरात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हिशेब करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो, आणि त्यातच लोणचे, पापड, कुरडयांचे मीठ धरायचे. घरात महिन्याला किती पुड्या फुटतात ते घरधनिणीला विचारा. आपल्या ज्वारीच्या भाकरीच्या पिठात सहसा मीठ पडत नाही. मीठ येते ते ठेच्यातून, लोणच्यातून, खाऱ्या शेंगदाण्यातून, बाजाराच्या दिवशीच्या शेव-चिवड्यातून. रेशनवर गहू-तांदूळ आले, ज्वारीचे पेरे घटले, आणि सकाळच्या न्याहारीला शिळ्या भाकरीऐवजी बेकरीचे टोस्ट-खारी आले. त्यात मीठ आहे, चव लागत नाही एवढेच. सैंधव किंवा काळे मीठ खाल्ले तर चालते, असे कोणी सांगेल. मीठ कोणत्याही रंगाचे असले तरी मीठच. घाम जातो म्हणून मूठभर मीठ जास्त खावे, हेही खरे नाही; घामाला आधी पाणी हवे, आणि रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरून उरते.

मिठापाठोपाठ दारू आणि तंबाखू. रोजची दारू दाब चढवते, मग ती हातभट्टीची असो की बाटलीतली. खर्रा आणि चुना-तंबाखू तोंडात असेपर्यंत दाब आणि नाडी दोन्ही वाढतात, आणि हृदयाचे नुकसान वेगळेच. वजन वाढलेल्याने एक किलो कमी केले तर वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. भाज्या, फळे, डाळी वाढवून आणि चरबी घटवून काय होते, हे अमेरिकेत १९९७ साली तपासले गेले. दाब वाढलेल्या माणसांचा वरचा आकडा नुसत्या जेवणाने सुमारे ११ ने उतरला. अंबाडी, चवळी, तांदुळजा, तुरीचे वरण हे आपल्या बांधावरचेच आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियमचे मीठ मिसळून दिले, तर लकवे १४ टक्क्यांनी घटले. असे मीठ आपल्याकडेही मिळते, पण किडनीचा आजार असणाऱ्याने आणि बीपीची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्यावाचून ते खाऊ नये.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. कंबर धरली, गुडघा दुखला की आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो आणि हंगामभर खातो. यातल्या बऱ्याच गोळ्या दाब वाढवतात आणि किडनीला मारतात. पोटातल्या जळजळीवर रोज सोडा पिणेही मीठ खाण्यासारखेच.

तिसरी गोष्ट, गोळी. दाब थोडाच वाढलेला असेल आणि मधुमेह, हृदय किंवा किडनीचा आजार नसेल, तर डॉक्टर काही महिने खाण्यापिण्यातला बदल करून पाहा म्हणू शकतात. १६० वर १०० च्या पुढे गेलेल्याने मात्र वाट पाहत बसू नये. त्याला गोळीही हवी आणि पथ्यही हवे. पथ्याने गोळ्या कमी लागतात, काहींच्या सुटतातही. पण ते यंत्र आणि डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही.

गोळीने काय होते याचा पुरावा आहे. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० च्या आसपास होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडे तेव्हा कामाची गोळी नव्हती. पुढे १९६७ साली अमेरिकेतल्याच १४३ माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा दाब फार वाढलेला. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. पोकळ गोळीवाल्यांपैकी २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधवाल्यांपैकी दोघांवर. आजचा ढोबळ हिशेब असा की वरचा आकडा १० ने खाली आणला तर लकव्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो. रूझवेल्टला जी मिळाली नाही, तिच्याहून चांगली गोळी आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते.

मग माणसे ती सोडतात का? तीन कारणे आहेत. एक, ‘बीपी नॉर्मल आला’ म्हणून. तो गोळीने नॉर्मल आलेला असतो. शेतात जनावर शिरत नाही म्हणून कोणी कुंपण काढून टाकतो काय? दोन, ‘आयुष्यभराची सवय लागते’ म्हणून. गोळीची चटक लागत नाही; रोगाची मुदतच लांब आहे. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, लघवीला जास्त जावे लागले, तर डॉक्टरला सांगून गोळी बदलून घ्यावी. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारतो. उन्हाळ्यात लघवी वाढवणारी गोळी खाऊन अशक्तपणा आला तरीही आधी मोजावे, मग डॉक्टरला विचारावे. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. पेरणीत आणि वेचणीत तालुक्याला जायला दिवस नसतो, आणि कापूस विकला जाईपर्यंत हातात पैसा नसतो. बियाणे, खत, मजुरी, शाळेची फी आणि शेवटी स्वतःची गोळी, हा आपल्या घरातला क्रम आहे. कर्जाच्या काळजीने बीपी होतो असे म्हणतात. काळजीने दाब चढतो हे खरे, पण कर्जाचा खरा घाव हा इथे बसतो: ते गोळी सोडायला लावते. वाचवलेल्या गोळीच्या पैशांत लकव्याचा एक दिवसही निघत नाही. इस्पितळाच्या बिलात आधी बैलजोडी जाते, मग वावर.

या अडचणीचा फायदा घेणारेही आहेत. बीपी मुळासकट बरा करतो म्हणून बाजारात रस आणि भुकट्या विकणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. उच्च किंवा कमी रक्तदाब बरा करण्याची जाहिरात हा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ खाली गुन्हा आहे. वनस्पतीला आमचा विरोध नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण रोग्यांवर मोजून १९४९ साली जगापुढे मांडला, आणि त्या मुळातून निघालेले औषध जगभर वापरले गेले. पण त्याने काहींचे मन खचते हेही मोजूनच कळले, आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. झाडपाल्याची परीक्षाही मापानेच होते.

बायांविषयी वेगळे सांगायला हवे. घरात सर्वांत शेवटी जेवते ती दाबही सर्वांत शेवटी मोजते, किंवा मोजतच नाही. गर्भारपणात दाब वाढला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बीपीच्या काही गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत, म्हणून दिवस गेल्याचे डॉक्टरला लगेच सांगावे. आणि फवारताना चक्कर आली, उलटी झाली, तर बीपी समजून घरी झोपू नये. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही सरळ दवाखाना.

आता सरकारकडे काय मागायचे? आम्ही सूट-सबसिडीची भीक मागणारे नाही. पण आरोग्य केंद्र आपल्या करातून चालते, तिथली गोळी हा उपकार नाही. काम होऊ शकते हेही दिसले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे सुरुवातीला होते. ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी महिन्याची गोळी, प्रत्येक रोग्याची नोंद आणि गावाजवळ तपासणी, एवढ्याच गोष्टी नेटाने केल्या. त्या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. कागदावर मोफत असलेली गोळी कपाटात नसेल, तर ती मोफत नव्हे.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव घ्यावेत. उपकेंद्रात बीपीच्या गोळ्यांचा साठा किती, याचा फलक दर्शनी भागात लावावा. ज्यांचा दाब काबूत आहे त्यांना मृगाआधी आणि वेचणीआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. कापूस खरेदी केंद्रावर आणि बाजार समितीत हंगामात दाब मोजायची सोय असावी. गाड्यांच्या रांगेत दिवसदिवस थांबणाऱ्याला तेवढा वेळ नक्कीच असतो. आणि आपल्या बाजूने, यापुढच्या प्रत्येक बैठकीत दाराशी एक यंत्र, एक वही आणि मोजायला शिकलेला एक कार्यकर्ता असावा. आधी बायांचा दाब मोजावा, मग पुरुषांचा, मग व्यासपीठावर बसणाऱ्यांचा. ज्याचा आकडा १४० वर ९० च्या पुढे जाईल त्याचे नाव वहीत लिहावे, आणि पुढच्या बैठकीत त्याला पहिला प्रश्न विचारावा: दवाखान्यात जाऊन आलात का?