प्रत्येक शाळेला एक शास्त्रज्ञ हवा

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर जो तलाव पसरलेला आहे आणि ज्यास मोगलाईत खिजरी तलाव म्हणत, त्यास पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव देण्यात आले, एवढी गोष्ट शहरातील पुष्कळ शाळकरी मुलांस ठाऊक असते. परंतु ज्यांचे नाव त्या पाण्यास लाभले ते गृहस्थ पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळले कसे, हे मात्र त्यांस क्वचितच कोणी सांगितलेले असते. सन १९०८ च्या सुमारास, वय दहा-बारा वर्षांचे असताना, सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ही चिमणी नेहमीची नव्हे अशी शंका त्यांना आली, आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्या शंकेची वासलात न लावता भाच्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत, मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे, धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले, वाचावयास पुस्तके दिली, आणि पक्ष्याचे कातडे सोलून नमुना कसा सिद्ध करावा हे शिकण्याची सोयही करून दिली. मिलार्ड पोटापाण्यासाठी मद्याच्या पेढीत काम करीत, ही बाब मला विशेष अर्थपूर्ण वाटते. कारण मुलाच्या हातातील वस्तूकडे गंभीरपणे पाहावयास पदवीपेक्षा त्या विषयाचा ध्यास अधिक उपयोगी पडतो, हे तिच्यावरून ध्यानात येते.

त्या भेटीचे मर्म असे की मुलगा स्वतःची शंका घेऊन गेला होता, ज्ञान जेथे प्रत्यक्ष घडत होते त्या जागी गेला होता, आणि पुन्हा येण्याची मुभा घेऊन परतला होता. आपल्याकडे शाळा आणि शास्त्रज्ञ यांची जी गाठ घालून देण्यात येते तिच्यात यांपैकी काहीच नसते. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो. त्या तारखेस आपल्या शाळा उघडलेल्याही नसतात, म्हणून तो जूनच्या अखेरीस कधीतरी उरकला जातो. विद्यापीठातून एखादे प्राध्यापक बोलावले जातात, शाल व श्रीफळ होते, रोप लावतानाचे छायाचित्र निघते, आणि तापमानवाढीवरील प्रदीर्घ भाषणानंतर ‘कोणाला काही शंका?’ असा सवाल होतो, ज्यास सभागृह एकमुखाने मौनाचा जबाब देते. शंका असणार कोठून? ती उत्पन्न व्हावी असे काही त्या मुलांच्या हाती कोणी दिलेलेच नसते.

विषयाची उपेक्षा झाली असे म्हणावे, तर कागदोपत्री तसे दिसत नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविण्याचा हुकूम दिला. बालभारतीचे ‘परिसर अभ्यास’ लहान वर्गांत आहे, आणि नववी-दहावीस ‘जलसुरक्षा’ही आहे. परंतु ज्या शहरात नळास पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि ते आले की शाळा बुडवून पिंपे भरावी लागतात, तेथील मुलीस ‘पाणी जपून वापरा’ असा उपदेश करणे यात एक प्रकारचा उद्धटपणा आहे. जपून वापरणे तिला पाठ्यपुस्तककर्त्यांहून अधिक चांगले जमते. तिला जे ठाऊक नाही, आणि जे जाणून घेण्याचा तिचा हक्क आहे, ते या टंचाईचे कारण होय.

ते कारण मात्र मोठे मनोरंजक आहे, आणि ते उलगडून दाखविणारी माणसे याच शहरात पगार घेत आहेत. शहराचे पाणी पैठणच्या धरणाच्या नाथसागर जलाशयातून, सुमारे ५० किलोमीटरवरून येते. ज्या धरणाची कोनशिला लालबहादुर शास्त्रींनी १९६५ मध्ये बसविली आणि ज्याचे उद्घाटन इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये केले, त्याच्या जलपातळीपेक्षा हे शहर सुमारे १०० मीटर उंचावर वसलेले आहे, सबब पाण्याचा प्रत्येक थेंब वर चढवावा लागतो. नववीच्या विज्ञानातील ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण घेऊन बसले, तर एक हजार लिटर पाणी १०० मीटर वर नेण्यास, पंपाची व नळाची झीज मुळीच न धरता, सुमारे पाव युनिट वीज खर्ची पडते, हे मुलांस वहीत मांडता येते. आणि झीज धरली तर किती, हा पुढचा प्रश्न असा आहे की जो पंपगृहावरील अभियंत्यालाच विचारला पाहिजे. तेथे शास्त्रज्ञाची गरज आपोआप उत्पन्न होते.

भूजलाचे प्रकरण तर याहूनही रसाळ आहे. मराठवाड्याच्या या भागाखाली काळ्या पाषाणाचे थरावर थर बसलेले आहेत. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही, ते मुरते वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. म्हणूनच एका वाड्याच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्याच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. असा सच्छिद्र थर भेटला की विहीर खणणारे ‘मांजऱ्या लागला’ असे म्हणतात, त्यात भूशास्त्राचा अर्धा धडा सामावलेला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. त्याच महिन्यांत शाळेजवळच्या विहिरीची पातळी मुलांनी दोरीला दगड बांधून मोजली, आणि तो आकडा घेऊन भूवैज्ञानिकापुढे उभी राहिली, तर त्या दोघांत जे बोलणे होईल ते समव्यावसायिकांचे होईल. कांचनवाडीस जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली ‘वाल्मी’, १९८० पासून उभी आहे. विद्यापीठ १९५८ पासून आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधकही दूर नाहीत. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातील पाणी भूमिगत नहरीतून खडकीस, म्हणजे याच शहरास, आणले. त्याच जातीच्या नळांतून येणाऱ्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरले. केवळ उताराच्या बळावर पाणी वर कसे चढते, हे पाहावयास परगावचे लोक तिकीट काढून येतात, आणि येथल्या शाळांची सहल मात्र भलतीकडे जाते.

अशा संवादाचे प्रयोग पूर्वी झालेले आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांतून जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात दिल्ली विद्यापीठाचे व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ खेड्यांत जाऊन शिक्षकांबरोबर प्रयोग करीत बसले. मुले ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थास पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे येत. तो उपक्रम ३० वर्षे चालला आणि २००२ मध्ये शासनाच्या आज्ञेने बंद झाला. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत की त्याऐवजी पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, आणि आलेल्या प्रश्नास ते उत्तर लिहीत. स्वाक्षरीपेक्षा प्रश्नास अधिक मान देण्याचा हा साधा संकेत आपल्या शाळांनी उचलला असता, तर विज्ञान प्रदर्शनांतील थर्मोकोलच्या ज्वालामुखींपैकी निम्मे तरी शांत झाले असते. केंद्र शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ६ जुलै २०१७ रोजी ‘जिज्ञासा’ नावाची योजना काढून आपल्या प्रयोगशाळांची दारे विद्यार्थ्यांस उघडली, आणि नागपूरची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था ‘नीरी’ ही त्याच परिषदेची आहे. परंतु आरंभी ती योजना केंद्रीय विद्यालयांशी जोडलेली होती, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलास त्या दारापर्यंत नेणारा कोणी हुकूम माझ्या तरी पाहण्यात नाही.

शाळा आणि शास्त्रज्ञ यांच्या अशा संवादाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. शास्त्रज्ञांस वेळ नाही, हा पहिला. त्याचे उत्तर पडद्यावरील संभाषणाने अर्धे दिलेच आहे. टाळेबंदीच्या काळात पडद्यावरून जे शिकविले गेले ते बहुतांशी नीरस होते, हे खरे. परंतु पहिली भेट समोरासमोर झालेली असेल, तर मधल्या महिन्यांतील अर्ध्या तासाचे बोलणे पडद्यावरून झाले तरी बिघडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गणनेपासून मतदारयाद्यांपर्यंत साऱ्या कामांस जुंपलेल्या शिक्षकावर हे नवे ओझे कशाला, असे विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांचा त्रागा अगदी रास्त आहे. या उपक्रमापायी आणखी एक तक्ता भरून पोर्टलवर चढविण्याचा आदेश निघणार असेल, तर तो न निघालेला बरा. शिक्षकास मोकळीक द्यावी, अहवाल मागू नये. मुलांच्या वह्या हाच अहवाल समजावा.

भाषेविषयीही एक अट मी घालीन. शास्त्रज्ञाने मराठीत बोलावे, उर्दू शाळांत उर्दूत बोलावे. पारिभाषिक शब्द अडला तर इंग्रजी शब्द खुशाल वापरावा, परंतु वाक्य मुलांच्या भाषेतले असावे. आणि ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर त्याने मुलांसमोर निःसंकोच द्यावे. पर्यावरणाच्या बाबतीत तर हे अत्यंत आवश्यक आहे, कारण या विषयावर ज्यांना सर्व काही ठाऊक आहे अशा वक्त्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे.

प्रारंभ खाम नदीच्या काठच्या शाळांपासून करावा, असे मला वाटते. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून हर्सूल, मकई दरवाजा, पाणचक्की, छावणी असा शहराचा सारा उभा छेद घेत ती पुढे गोदावरीस मिळते, ज्या गोदावरीवरील जलाशयाचे पाणी हेच शहर पिते. महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी मंडळींनी तिच्या पुनरुज्जीवनाचे काम गेल्या काही वर्षांत हाती घेतले आहे, त्यामुळे नदीवर माणसे आहेत, यंत्रे आहेत, मोजमापेही चालू आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या वाट्याचा शंभर पावलांचा काठ धरावा; पाण्याचा रंग, वास, तापमान, आम्लता आणि काठावरचे पक्षी दर पंधरवड्यास नोंदवावेत; आणि ‘वाल्मी’ वा विद्यापीठातील एकाच शास्त्रज्ञाने, दरवर्षी नवा चेहरा न आणता, निदान तीन वर्षे त्या शाळेची वही तपासावी. शिक्षणाधिकाऱ्यांच्या दप्तरातून यासाठी निघावयाचे पत्र एका पानाचे आहे, आणि आम्लता मोजण्याच्या कागदी पट्ट्यांचा खर्च शालेय अनुदानातून सहज भागण्याजोगा आहे. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या पावसात नदीचे पाणी गढूळ असते. पहिली नोंद त्याच पाण्याची व्हावी, कारण शहराने उन्हाळाभर नदीत काय काय सोडले, हे त्या पाण्यात उतरलेले असते.