डीव्हीडी काढायची कशावर?

नंदुरबार जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत लग्नकार्ये, यात्रा आणि शासकीय समारंभ यांचे चित्रीकरण करून ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या आमच्या व्यवसायबंधूंचे म्हणणे ऐकू गेले, तर कॅमेऱ्याच्या किमती, पडलेले दर आणि लांबलेली उधारी यांविषयीच्या नेहमीच्या गाऱ्हाण्यांवरही मात करणारी एक तक्रार कानी येते, आणि ती अशी की, मिक्सिंग पुरे झाल्यावर त्याची नीट चालणारी डीव्हीडी ज्यावर निर्धास्तपणे काढावी, असे सॉफ्टवेअर आता मिळेनासे झाले आहे. पेन ड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी मागतो कोण, असे पुण्या-मुंबईच्या व्यावसायिकांनी खुशाल म्हणावे. पण धडगाव-मोलगीच्या डोंगरपट्ट्यात, जिथे रेंजचा भरवसा अजून नाही, तिथे मुलीच्या लग्नाची शूटिंग फोटोच्या अल्बमशेजारी ठेवता येईल अशा डबीतच पाहिजे, हा वधूपित्याचा आग्रह आहे आणि तो मोडून काढण्याचे आपल्याला काहीच प्रयोजन नाही.

हे दुर्भिक्ष एकाएकी ओढवलेले नाही. अॅपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स बाजारात आणले तेव्हाच डीव्हीडी स्टुडिओ प्रो या आपल्या नामांकित सॉफ्टवेअरला निरोप दिला. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काही आवृत्त्यांबरोबर दिलेले डीव्हीडी मेकर विंडोज ८ मधून वगळले. आपल्यापैकी पुष्कळांचा हात ज्यावर बसला होता ते अडोबी एन्कोअर २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपाशी जे थांबले ते कायमचेच. आणि सोनीचे डीव्हीडी आर्किटेक्ट २०१६ मध्ये माजिक्स या जर्मन कंपनीच्या हाती गेले. परिणामी शहाद्यापासून नवापूरपर्यंत एखाद्या दुकानात डोकावावे, तर विंडोज ७ चा एक म्हातारा संगणक केवळ या एका कामासाठी कोपऱ्यात जपून ठेवलेला दिसतो, आणि त्याला इंटरनेट जोडायचे नाही, त्यात नवे काही भरायचे नाही, पोरांनी त्यावर गेम खेळायचा नाही, असा त्या दुकानाचा कडक जाबता असतो.

याचे खापर केवळ कंपन्यांच्या धनलोभावर फोडणे अन्यायाचे होईल. डीव्हीडी-व्हिडिओचे तपशीलवार नियम त्या काळी सर्वांसाठी खुले नव्हते. ते पैसे भरून आणि गुप्ततेच्या करारावर सही करूनच मिळत, आणि एमपेग-२ चित्रपद्धती व डॉल्बीची ध्वनिपद्धती यांचे पेटंट-शुल्क त्याहून निराळे द्यावे लागे. ज्यांनी निरपेक्ष बुद्धीने मोफत साधने लिहिली, त्यांना बाजारातल्या तयार तबकड्या उलगडून आयएफओ आणि व्हीओबी फाइलींची रचना ताडावी लागली. डीव्हीडीऑथर आणि त्याच्या आधारावर उभे राहिलेले डीव्हीडीस्टायलर यांत जो थोडा ओबडधोबडपणा जाणवतो, त्याचे एक मूळ येथे आहे. एमपेग-२ चे अमेरिकेतील अखेरचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले आणि वाट मोकळी झाली खरी, पण तोवर बाजारच उठून गेला होता.

हे सारे मान्य करूनही आमचे मत असे आहे की, ही सॉफ्टवेअरे भरभराटीत होती तेव्हाही आपण त्यांची पारख चुकीच्या अंगाने केली. कोणात तयार मेनू किती आहेत, पाकळ्या गळणारे आणि पडदे उघडणारे कोणते, हे आपण हौसेने मोजत राहिलो आणि चित्राच्या खऱ्या कसोटीकडे डोळेझाक केली.

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे तीन तासांचे लग्न त्यात कोंबायचे म्हटले की, चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात; दोन तासांच्या कामाला हाच वाटा सव्वापाचांवर जातो; आणि नियमाने एकट्या चित्राला मुभा आहे ती ९.८ पर्यंत. भर दुपारी मांडवात स्थिर बसलेल्या वऱ्हाडाला साडेतीन एकवेळ पुरतील, पण अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीचे काय? रात्रभर घुमणारे ढोल, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला दुधी व घुंगरू बांधून नाचणारे बावा-बुध्या, पायांखालून उठणारी धूळ, आणि पहाटे पेटणारी ती उंच होळी, हे सर्व अंधारात टिपताना कॅमेऱ्याचा गेन वाढवावा लागतो, त्याने चित्रात दाणे येतात, आणि त्यावर ज्वाळा व धूर क्षणोक्षणी आकार बदलत असतात. एमपेग-२ चा सारा हिशेब असा की, आधीच्या चित्रातले जे बदलले नाही ते पुन्हा लिहायचे नाही; इथे न बदललेले असे काही उरतच नाही. मग साडेतीन मेगाबिटांत ती होळी नुसत्या चौकोनी ठोकळ्यांची होते. भाषणांचे आणि मानपानाचे मेगाबिट वाचवून ते आगीला आणि नाचाला देणारे, म्हणजे दोन फेऱ्यांत बदलता बिटरेट ठरवणारे सॉफ्टवेअर असेल, तर त्यात एकही तयार मेनू नसला तरी आम्ही त्यालाच पहिला मान देऊ. फील्डच्या क्रमाचेही तसेच. मिनी-डीव्ही कॅसेटवरील पालचे चित्रीकरण खालच्या फील्डपासून सुरू होते, एचडीव्हीचे वरच्यापासून. हा क्रम उलटा पडला की सारंगखेड्याच्या बाजारात धावणारा उमदा घोडा टीव्हीवर पुढे-मागे हिसके खात राहतो, आणि गिऱ्हाईक दोष देते कॅमेऱ्याला.

देवनागरीची विटंबना तर याहून क्लेशदायक आहे. मेनूवर लिहायचे पहिलेच अक्षर बहुधा ‘चि.’ असते, आणि जुन्या परदेशी सॉफ्टवेअरला ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते हे ठाऊकच नसल्याने ती ‘च’च्या मागे लोंबकळते; ‘शुभविवाह’ या शब्दाची तीच गत, आणि जोडाक्षरांचे तर पाय मोडून वेगळे होतात. वस्तुतः यात सॉफ्टवेअरची मनधरणी करण्याचे कारण नाही. मेनूची पार्श्वभूमी हे केवळ एक चित्र असते, तेव्हा नावे, तिथी आणि विधींची शीर्षके फोटोशॉपमध्ये किंवा श्रीलिपीच्या साहाय्याने त्या चित्रातच उमटवावीत आणि सॉफ्टवेअरकडे फक्त बटणाचा ठसा सोपवावा, ज्याला नियमाने चारच रंगांची मुभा आहे. आपल्या उपशीर्षकांचाही डीव्हीडीत अखेर चित्ररूपच संग्रह होतो. पावरी किंवा मावची गीताखाली मराठी अर्थ देऊ इच्छिणाऱ्यांना म्हणूनच अडथळा तंत्राचा नाही, कंटाळ्याचा आहे.

सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतींविषयी अधिक लिहिणे नको. त्यांतून येणाऱ्या व्हायरसने एका हंगामाची सारी लग्ने गिळल्याच्या हकिकती प्रत्येक तालुक्यात आहेत. फुकट आणि सनदशीर असे डीव्हीडीस्टायलर हाताशी असता ही जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही.

कचेरीच्या कामात मात्र अनेक बंधू भलताच घोटाळा करतात. एखाद्या पंचनाम्याचे किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताचे चित्रीकरण रुजू करताना तेही हौसेने मेनूसह डीव्हीडी-व्हिडिओ करून देतात, म्हणजे मूळ फाइल नव्याने दाबून तिचे स्वरूपच पालटून टाकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात त्या फाइलीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते, आणि फाइलीत एका बिटाचा फरक पडला तरी ते मूल्य बदलते. अशा कामाला कॅमेऱ्यातून निघालेली फाइल जशीच्या तशी डेटा डिस्कवर उतरवून द्यावी. तिथे मेनूच्या सॉफ्टवेअरचा संबंधच येत नाही.

लग्नाच्या डीव्हीडीबाबत आमची शिफारस थोडक्यात अशी: तबकडी घालताच चित्र सुरू व्हावे, मेनू एकच आणि साधा असावा, हळद, मंगलाष्टके, सप्तपदी, पाठवणी या ठिकाणी चॅप्टर पाडावेत, बिटरेट आठ मेगाबिटांच्या वर नेऊ नये, कारण जुने प्लेअर घरी राइट केलेल्या तबकडीवर त्यापुढे अडखळतात, आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ती संगणकावर नव्हे, तर दुकानातल्या सर्वांत जुन्या प्लेअरवर अथपासून इतिपर्यंत चालवून पाहावी. तीन तासांचे काम असेल तर दोन तबकड्या द्याव्यात आणि त्यांचा आकार दरात धरावा. यावर वधूपित्याशी घासाघीस होईल, ती करावी. देवनागरी मेनूच्या तयार पार्श्वभूमी पुढील अंकापासून छापण्याची आमची तजवीज चालू आहे. ज्यांनी स्वतः केलेल्या असतील त्यांनी त्या ७२० बाय ५७६ या मापात पाठवाव्यात, अक्षरे कडांपासून पुरेशी आत घ्यावीत, आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये व कुठल्या प्लेअरवर चालवून पाहिल्या ते पाठीमागे लिहावे.