कोष आपला, धागा परका

मराठवाड्याच्या औद्योगिक विकासाबद्दलचं बहुतेक कुठलंही चकचकीत सादरीकरण उघडा. पहिल्या पानावर वेरूळचं कैलास लेणं नाहीतर पैठणीचा मोर असतो. दुसऱ्या पानापासून भूखंड, वीज, पाणी, करसवलती सुरू होतात. मोर पुन्हा दिसतो तो समारोपाच्या सत्कारात, पाहुण्याच्या हातात ठेवलेल्या खोक्यात. उद्योग एका खात्यात आणि वारसा दुसऱ्या खात्यात, अशी ही विभागणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, तिच्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. माझं म्हणणं असं आहे की, मराठवाड्याचं नुकसान या विभागणीनेच सगळ्यात जास्त केलं आहे.

कारण पैठणी हा मुळात उद्योगच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावं आहेत. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात होतं, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे आज ज्या भागाला आपण ‘मागास’ म्हणतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी निर्यात करत होता. विणकर तेव्हा कुणाचा वारसा जपत नव्हता, तो धंदा करत होता. धंदा बुडाला की मागे जे उरतं त्याला आपण वारसा म्हणायला लागतो आणि त्याच्यासाठी महोत्सव भरवतो.

मी मंठ्याचा. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, कापूस-सोयाबीनचं. इंजिनिअरिंग करून आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझ्या वयाची निम्मी मुलं पुण्यात आहेत आणि उरलेली पुण्याला यायच्या तयारीत. त्यामुळे उद्योग नकोत, यंत्रं नकोत, गावं आहेत तशी राहू द्या, असलं काही मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे बहुधा शहरात राहतात. जालन्याची सळई देशभर जाते. महिको ही बियाण्यांची कंपनी 1964 साली जालन्यातच उभी राहिली. उद्योग म्हणजे काय हे या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. प्रश्न इतकाच आहे की, नव्या उद्योगाच्या नकाशात आपल्या हातात आधीपासून असलेलं कसब कुठे बसतं?

याचं उत्तर शोधायचं तर रेशमाच्या धाग्याचा प्रवास बघा.

गेल्या काही वर्षांत जालना, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत तुतीची लागवड वाढली. उसाच्या मानानं तुतीला पाणी कमी लागतं, एकदा लावली की ती वर्षानुवर्षं पाला देते, आणि अंडीपुंज आणल्यापासून महिनाभरात कोष विकायला तयार होतात. रोजगार हमी योजनेतून लागवडीला मजुरी मिळते. पूर्वी शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरमला जात. 2018 साली जालन्यात राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. दुष्काळी भागातल्या लहान शेतकऱ्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी रोख पैसे देणारं दुसरं पीक सहजी सापडत नाही.

पण पुढे काय होतं? कोषातून धागा काढणं, त्याला पीळ देणं, त्याचा डिंक काढणं, रंगवणं ही कामं इथे फारच थोडी होतात. कोषाचा मोठा हिस्सा व्यापाऱ्यामार्फत दक्षिणेला जातो. येवल्याचा किंवा पैठणचा विणकर रेशीम घेतो ते बहुतेक बंगळुरूकडचं, आणि जर सुरतेची. म्हणजे कोष मराठवाड्याचा, साडी महाराष्ट्राची, आणि मधली सगळी कमाई दुसरीकडे. कच्चा माल बाहेर पाठवायचा आणि पक्का माल विकत घ्यायचा, ही इंग्रजांची रीत होती म्हणून आपण शाळेत शिकलो. इथे तर कुणी इंग्रजही नाही.

आता या साखळीशेजारी काय उभं राहतंय ते बघा. शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग आहे, आणि त्यातलं बिडकीन पैठण तालुक्यातच येतं. तिथे जमिनीखालून वीजवाहिन्या आहेत, सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय आहे. टोयोटा किर्लोस्करने 2024 साली या भागासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. येऊ द्या, माझा विरोध नाही. मोटारींचा कारखाना आला तर मंठ्याच्या चार पोरांना पुण्याची खोली शोधावी लागणार नाही. मात्र त्याच तालुक्यात ज्या कापडामुळे पैठणचं नाव घरोघरी गेलं, त्याच्या धाग्यासाठी एक धड सामायिक रंगशाळा असावी, हे कुणाच्या आराखड्यात दिसत नाही. मोटार कंपनीला जी सुविधा ‘पायाभूत’ म्हणून मिळते, तीच विणकराने मागितली की तिला ‘अनुदान’ म्हणतात.

शाश्वत विकास हा शब्द सध्या फार चालतो, म्हणून रंगशाळेचं जरा सविस्तर सांगतो. कच्च्या रेशमाच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा हा सेरिसिन नावाचा डिंक असतो. साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात तो काढावा लागतो. मग रंग, मग धुणं. प्रत्येक टप्प्याला पाणी लागतं आणि प्रत्येक टप्प्यानंतर घाण पाणी उरतं. ज्या प्रदेशातल्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे पाणी नाल्यात सोडून ‘पर्यावरणपूरक हस्तकला’ म्हणून मिरवणं हे ढोंग आहे. हातानं केलं म्हणून ते आपोआप हिरवं होत नाही. घरच्या घरी चुलीवर रंगवणारा एकटा माणूस सांडपाण्यावर प्रक्रिया करू शकत नाही. पन्नास जणांची सामायिक रंगशाळा करू शकते. पाणी गरम करायला सौरऊर्जा, वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्याची सोय, रंग मोजून घालणारं साधं यंत्र. यात अवघड तंत्रज्ञान कुठलंच नाही. इथे आधुनिकीकरण हवंच, आणि त्याने पैठणीच्या एका मोराचंही पीस हलत नाही.

मग परंपरा नेमकी कुठे आहे? काठ आणि पदर विणताना. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते. विणकर ताण्याचे धागे मोजून एकेक तिल्ली आत घालतो, शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून अस्सल पैठणीच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदराला महिने लागतात. ही बोटांची निवड, धाग्यागणिक केलेली, हाच वारसा. बाकी सगळं, म्हणजे कोषातून धागा काढणं, पीळ, रंग, उजेड, बसायची जागा, हे बदलायला हवं आणि बदललं तरी चालतं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, मिणमिणत्या दिव्याखाली पाठ मोडून घेण्यात संस्कृती नाही.

ही रेघ कुठे मारायची हे आपण स्पष्ट ठरवलेलं नाही, आणि त्याचा फायदा लबाड लोक घेतात. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात एका मोठ्या दुकानातून ‘हातमागाची पैठणी’ म्हणून साडी घेतली. बिलावरही तसंच लिहिलं होतं. घरी आत्यानं पदर उलटा केला तर मागे कापलेल्या धाग्यांचं रान. परत नेली तर दुकानदार म्हणाला, “ताई, आजकाल सगळ्या अशाच येतात.” त्या एका वाक्यात एक अख्खा व्यवसाय मारला जातो. यंत्रमागाच्या साडीबद्दल माझी तक्रार नाही. सोलापूरची चादर यंत्रमागावर निघते, तिलाही भौगोलिक मानांकन आहे, आणि ती स्वतःला जे आहे तेच म्हणवते. दोन-तीन हजारांत मोराच्या काठाची साडी नेसायची हौस कुणाही बाईला असू शकते, तिने जरूर नेसावी. फक्त त्या साडीने दुसऱ्याचं नाव लावू नये. चोरी डिझाइनची नंतर होते, आधी नावाची होते.

यावर ‘कायदे आहेत की’ असं उत्तर मिळतं. आहेत. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 1999च्या त्या कायद्यात खोटं मानांकन वापरणाऱ्याला किमान सहा महिने कैदेची तरतूद आहे. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा 1985चा कायदा आहे, आणि साडी त्या यादीत आहे. 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. कायद्यांची कमतरता नाही. दुकानात जाऊन पदर उलटा करून बघणाऱ्या माणसाची कमतरता आहे. उलट 2020 साली केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त केलं. विणकरांचं म्हणणं दिल्लीत मांडायची जी एक जागा होती, तीही गेली.

दूरचं एक उदाहरण घेऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला काही बेटं आहेत. तिथल्या ‘हॅरिस ट्वीड’ या लोकरी कापडासाठी ब्रिटिश संसदेने 1993 साली स्वतंत्र कायदा केला. त्यात व्याख्या नेमकी आहे: लोकर त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटावरच्या रहिवाशाने स्वतःच्या घरी हातानं विणलेलं हवं. लोकर गिरणीत यंत्रावर कातलेली चालते. माग विजेवर चालत नाही, माणसाच्या पायावर चालतो. पण तो माग नवा, रुंद, वेगवान असलेला चालतो. यंत्र कुठपर्यंत आणि माणूस कुठून, हे तिथे ठरलेलं आहे. आणि तपासलेल्या कापडावरच शिक्का बसतो. जपानमध्ये क्योतोच्या निशिजिन विणकरांनी 1870च्या दशकात माणसं फ्रान्सला पाठवून जॅकार्ड यंत्र आणलं. परंपरा जपणाऱ्यांनीच यंत्र आणलं, कारण कोणतं काम यंत्राला द्यायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. आपल्याकडे ते सुरतेचा व्यापारी ठरवतो.

आता माझ्याच बिरादरीकडे येतो. हातमागाचा विषय निघाला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दोन गोष्टी सुचतात: ॲप काढा, आणि प्रत्येक साडीवर क्यूआर कोड लावा. मी असली कामं पगारासाठी करतो, म्हणून सांगतो. क्यूआर कोड एवढंच सिद्ध करतो की, कुणीतरी तो चिकटवला. चिकटवणाऱ्याने खोटी माहिती भरली असेल तर आमची प्रणाली ती खोटी माहिती अत्यंत इमानदारीनं, वर्षानुवर्षं, सुरक्षित जपून ठेवते. नोंद खरी करायची तर मागापाशी जाऊन बघणारा, पदर ओळखणारा पगारी तपासनीस लागतो. तो नेमायला पैसे लागतात, म्हणून त्याच्याऐवजी ॲपचं उद्घाटन होतं. आणि जुने नक्षे स्कॅन करून ‘डिजिटल संग्रह’ सगळ्यांसाठी खुला करण्याचा उत्साहही आवरायला हवा. त्या फाइली सगळ्यात आधी उघडणार तो यंत्रमागवाला. ज्या घरांनी ते नक्षे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्या परवानगीशिवाय आणि मोबदल्याशिवाय तो संग्रह म्हणजे सरकारी खर्चानं केलेली घरफोडी ठरेल.

‘नवी पिढीच मागावर बसायला तयार नाही’ हा सगळ्यात लाडका आक्षेप. का बसावं तिने? 2019-20च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे 35 लाख हातमाग कामगार आहेत. त्याआधीच्या 2009-10च्या गणनेत ते 43 लाखांवर होते. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत होतं. अख्ख्या कुटुंबाचं. अशा धंद्यातून मुलं बाहेर पडली तर त्याला संस्कृतीचा ऱ्हास म्हणू नका, हिशेब म्हणा. मंठ्याची मुलं शेती सोडतात तेव्हा त्यांना कुणी मातीशी बेइमानी शिकवलेली नसते. त्यांना आकडेमोड येते एवढंच. विणकराच्या मुलालाही येते. त्याला अभिमानाची भाषणं देण्याऐवजी कुशल कामगाराचा पगार द्या, मग बघू कोण बसत नाही ते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पैठणीत यंत्र कुठपर्यंत चालेल याची कायद्यात एक स्पष्ट रेघ मारा, आणि ती विणकरांना विचारून मारा. जालन्याच्या कोष बाजाराला लागूनच धागा काढण्याची आणि पीळ देण्याची आधुनिक सोय पुरेशा प्रमाणात उभी करा, म्हणजे कोष जिल्ह्याबाहेर जाईल तो धागा होऊनच. बिडकीनला मोठ्या कंपन्यांसाठी जी सांडपाणी व्यवस्था आहे, तशीच, त्याच दर्जाची सामायिक रंगशाळा पैठणला आणि येवल्याला द्या. आणि हातमाग म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर किमतीखाली अजून एक ओळ छापणं सक्तीचं करा: विणायला लागलेले दिवस आणि विणकराला मिळालेली मजुरी. गिऱ्हाइकाला मोर कळला नाही तरी आकडा कळतो.

हे महाग पडेल, असं म्हणतील. पडेल. द्रुतगती मार्ग महाग पडतात, भूसंपादन महाग पडतं, करसवलती तर फारच महाग पडतात. तिथे आपण त्याला गुंतवणूक म्हणतो. पैठणीसाठी तोच शब्द वापरायला सुरुवात करावी, आणि पुढच्या सादरीकरणात मोराचं चित्र छापण्याआधी तो विणणाऱ्याला गेल्या महिन्यात किती मिळाले, हे एकदा विचारून यावं.