अनास्थेचे रडगाणे आणि फिल्मचे रसायन

एखादा जुना चित्रपट नष्ट झाला, एखादे जुने छायाचित्र सापडेनासे झाले, की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : मराठी माणसाला इतिहासाची कदर नाही. चर्चासत्रांतून, विशेषांकांच्या संपादकीयांतून आणि आम्हा मराठीच्या प्राध्यापकांच्या तासांतून ते इतक्यांदा येऊन गेले आहे की त्याला सुभाषिताची कळा आली आहे. आमचे म्हणणे असे, की हे वाक्य खोटे नसले तरी आळशी आहे. ज्या वस्तूची कदर करायची ती मुळात कशाची बनलेली आहे, हे विचारण्याचा त्रास ते वाचवते.

'सिनेमा आणि साहित्य' शिकवताना आपल्या लेखी फिल्म म्हणजे प्रतिमा, संहिता, फार तर तंत्र. वास्तविक फिल्म म्हणजे आधी एक पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात प्रतिमा. या पट्टीला छायाचित्रकार 'बेस' म्हणतात. विसाव्या शतकात ती मुख्यतः तीन द्रव्यांची होती : नायट्रेट, ॲसिटेट आणि पॉलिएस्टर. पहिली दोन सेल्युलोजपासून, म्हणजे आपल्या कापसाचा धागा ज्याचा असतो त्याच पदार्थापासून, तयार होतात. फिल्म कशी हाताळावी आणि ती कशी मरावी, हे ही पट्टी ठरवते.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. त्यांच्याकडे येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधारात पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. हा तपशील आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्या हातांतली पट्टी ज्वालाग्राही नायट्रेटची होती, हे सांगत नाही. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, म्हणून ते पाण्याखालीही जळत राहते. कुजू लागलेले नायट्रेट दीर्घकाळ तापत राहिले तर सुमारे ४१ अंश सेल्सिअसलाही आपोआप पेटू शकते. नांदेड-लातूरच्या वाचकाला हा आकडा मे महिन्याच्या ओळखीचा आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट-कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. तेथे अनास्था किती होती, याचा वाद जरूर घालावा. पण द्रव्याचा स्वभाव न जाणता घातलेला तो वाद म्हणजे विलापच.

१९४८मध्ये कोडॅकने ट्रायॲसिटेटचा बेस आणला आणि पुढच्या काही वर्षांत नायट्रेट मागे पडले. नव्या फिल्मला नाव मिळाले 'सेफ्टी'. ही सुरक्षितता माणसाची होती, फिल्मची नव्हे. उष्णता आणि दमटपणा यांनी ॲसिटेटमधून ॲसेटिक आम्ल सुटते. डब्याला शिरक्याचा वास येतो, पट्टी आखडते, वरच्या थराला सुरकुत्या पडतात. सुटलेले आम्लच पुढची झीज वेगाने घडवते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या ॲसिटेटला ही व्याधी जडायला साधारण ४० वर्षे लागतात, असे संरक्षणशास्त्र सांगते. आपल्या पत्र्याच्या कपाटात २१ अंश कुठून आणायचे?

तिसरी पट्टी पॉलिएस्टरची. ती टिकाऊ आणि न तुटणारी आहे, पण तो गुणही विनाअट नाही. कॅमेऱ्यात फिल्म अडकली तर ॲसिटेट तुटते आणि यंत्र वाचते. पॉलिएस्टर तुटत नाही, आघात यंत्राला सोसावा लागतो. म्हणून सिनेमाच्या प्रती पॉलिएस्टरवर गेल्या तरी चित्रीकरणाची निगेटिव्ह मुख्यतः ॲसिटेटवरच राहिली. छायाचित्रकाराच्या ३५ मिलिमीटरच्या रोलचेही बहुतांशी तेच.

आता प्रश्न आपल्या दाराशी येतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा डिजिटल कॅमेरे प्रचलित नव्हते. लातूर, उमरगा, नांदेड येथील छायाचित्रकारांनी जे टिपले ते रोलवर; म्हणजे प्रायः ॲसिटेटवर. त्याला तीन दशके उलटून गेली आहेत. २१ अंशांवरची चाळीस वर्षांची मुदत आपल्या उन्हाळ्यांनी केव्हाच कातरली असणार. भूकंपावरच्या कथा-कवितांवर प्रबंध लिहिणारे आपण, त्या निगेटिव्ह आज कोणाच्या माळ्यावर आहेत, हे विचारत नाही.

यावर दोन उत्तरे येतील. पहिले : हे रसायनशास्त्र विभागाचे काम. मग पोथीचा कागद, शाई, लिपी आणि लेखनकाल तपासणे हे कोणाचे काम होते? पाठचिकित्सा शिकवणाऱ्या विषयाने 'द्रव्य आमचे नव्हे' म्हणणे शोभत नाही. दुसरे उत्तर अधिक फसवे : स्कॅन करा आणि टाकून द्या. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची प्रत छापली; ती जिच्यावरून छापली ती पोथी आज उपलब्ध नाही. छापील पाठाविषयी शंका आली की विचारायचे कोणाला, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. स्कॅन ही प्रत आहे. ती अवश्य करावी, पण मूळ साक्षीदाराला निरोप देऊन नव्हे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात मराठीच्या पदव्युत्तर वर्गांची उणीव नाही. एका वर्गाने एका वर्षी एकच प्रकल्प घ्यावा : तालुक्याच्या गावातील जुन्या स्टुडिओंची यादी करावी, मालकांच्या संमतीने डबे उघडावेत, वास घ्यावा. शिरक्याचा वास येणाऱ्या निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या कराव्यात आणि त्यांचे स्कॅनिंग आधी करावे. हवाबंद डब्यात आम्लाची वाफ कोंडते, म्हणून त्या आम्लविरहित कागदी पाकिटांत, घरातल्या सर्वांत थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. पाकिटावर गाव, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव लिहावे. याला अनुदान लागत नाही. लागते ती चिकाटी आणि थोडे नाक. एवढे केल्यानंतर मराठी माणसाच्या अनास्थेवर खुशाल निबंध लिहावा. तोवर ते वाक्य वर्गात उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही.