पत्री आठवते, सरकार विसरलं

ऑगस्ट आला की सातारा-सांगलीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या तसबिरीवरची धूळ झटकली जाते. हार चढतो, पुढारी उठतो आणि पत्री ठोकण्याची गोष्ट रंगवून सांगतो. टाळ्या पडतात. तळपायावर काठ्या खाणारा गुंड ऐकायला आपल्याला फार गोड वाटतो. त्या काठीमागे नाना पाटलांचं जे प्रति सरकार उभं होतं, त्याचे कायदे मात्र कुणी वाचून दाखवत नाही. दाखवले तर मांडवातली निम्मी माणसं माना खाली घालतील.

नाना पाटील कधीकाळी इंग्रज सरकारचे तलाठी. १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. १९४२ च्या सप्टेंबरात कचेऱ्यांवर गेलेले मोर्चे तिरंगा घेऊन गेले होते, हत्यार घेऊन नव्हे. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात तेच. मग पोरं भूमिगत झाली, आपल्याच मुलखात परागंदा झाली. घरादारावर जप्ती आली, मुक्काम रानात आणि उसाच्या फडात पडू लागला. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. पोलिसांच्या पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. प्रति सरकारचं लढाऊ दल, कुंडलची तुफान सेना, उभी राहिली ती अशा पोरांची.

हत्यार गोऱ्याविरुद्ध उचललं, असं आपण छाती फुगवून सांगतो. पण कृष्णाकाठच्या खेड्यात गोरा होता कुठे? फौजदार आपला, शिपाई आपला, खबऱ्याही आपलाच. भाकरी देणारी माउली ज्या गल्लीत, त्याच गल्लीत ठाण्याची वाट धरणारा भावकीतला माणूस. गोरं सरकार चालत होतं ते आपल्या हातांनी.

म्हणूनच प्रति सरकारने पहिली झडती आपल्याच घराची घेतली. न्यायदान मंडळं बसली, गावचे तंटे गावात मिटू लागले. सावकाराला जाब विचारला गेला, दारूभट्ट्या मोडल्या गेल्या. हुंडा, वाजंत्री, मानपान यांना फाटा देऊन गांधी पद्धतीची लग्नं लागली. तुफान सेनेचे फिल्ड मार्शल जी. डी. बापू लाड यांनी कुंडलला स्वतःचं लग्न तसंच लावलं. मागे पोलीस असलेल्या माणसाला हे जमलं. आपल्यामागे कोण लागलंय?

पत्रीची शिक्षा निर्दय होती, तिचं कौतुक मला नाही. पण आपण नेमकं तेवढंच सांभाळलं. प्रति सरकारचं 'पत्री सरकार' झालं, कारण काठी लक्षात ठेवणं सोपं, कायदा पाळणं अवघड.

आज काय दिसतं? पोरीच्या लग्नासाठी बाप गुंठे विकतो आणि त्याच मांडवात क्रांतिसिंहांचं नाव घेणाऱ्या पाहुण्यांना फेटे बांधले जातात. खासगी सावकार पतपेढीच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसतो. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ अर्भकं पुरलेली सापडली. ती तिथं कुठल्या गोऱ्यानं आणली नव्हती. पोरगी नको म्हणून गर्भ पाडायला त्या आयाबायांना दवाखान्यापर्यंत आपणच पोचवलं, आणि येताना कुणाला विचारूही दिलं नाही.

तुफान सेनेची पोरं घरापासून तुटली ती एका सरकारशी वैर धरून. ते सरकार १९४७ ला गेलं. त्यांचं दुसरं वैर आपल्याशी होतं, ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हा येत्या ऑगस्टला हार घालणाऱ्यांनो, आधी एवढं करा: घरातलं पुढचं लग्न हुंडा न घेता, कर्ज न काढता लावा. ते होत नसेल तर तसबिरीवर धूळच राहू द्या.